तोंडवलीच्या रापणीतला तेविसावा वाटा

मी मालवणात वकिली करतो, सव्वीस वर्षं झाली. भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी विचारतो, साक्षीदार कोण? बहुतेक मंडळी तिथेच गप्प होतात. आता मीच साक्षीदार आहे, त्यामुळे पंचाईत झाली आहे. हसायचं तर हसा...

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबरातली. तोंडवलीचा बाबल माझा पक्षकार. त्याच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून दोन दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यात, विमानाच्या पंख्याचं पातं आलं. माणसाच्या उंचीचं, कालवं चिकटलेलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे एक इंग्रजी लष्करी विमान पडलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्याच्या सांगाड्यात जाळी अडकायची. तीस वर्षांपूर्वी असंच अडकलेलं जाळं सोडवायला बाबलच्या बापाने बुडी मारली — तो वर आलाच नाही. देहसुद्धा मिळाला नाही.

बाबलला ते पातं ठेवायचं होतं. "वकीलसायबानू, माका बापाशीची दुसरी निशाणी नाय," म्हणाला. खरं सांगतो, गलबलून आलं. पण युद्धात पडलेलं लष्करी विमान ज्या सरकारचं, त्याचंच राहतं, कितीही वर्षं पाण्यात असो. सापडणाऱ्याने फक्त कळवायचं. हे त्याला समजावलं, आणि तरी माझीच खुमखुमी, म्हटलं अर्ज करून तर बघू. रापण सगळ्यांची, तर पातंही सगळ्यांना सापडलेलं. सगळ्यांच्या सह्यांचं अ‍ॅफिडेव्हिट करू आणि ते गावातच ठेवायची परवानगी मागू.

सह्यांसाठी मी स्वतः किनाऱ्यावर गेलो. सकाळचे नऊ, लख्ख ऊन. यादी करायची म्हणून दोरावरची माणसं मोजली — एका दोरावर अकरा, दुसऱ्यावर बारा. तेवीस. जाळं वर आलं, बांगडे वाळूवर ओतले, एका म्हाताऱ्याने माणशी एक असे वाटे घातले. सह्या मात्र भरल्या बावीस, आणि ज्याचा त्याचा वाटा उचलून झाल्यावर एक वाटा वाळूवर तसाच राहिला.

मी चिडलो. सही चुकवून कोण पळाला म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, पातं वर आल्यापासून हे असंच चाललंय. तो माणसांकडे बघूनच वाटे घालतो, पण उचलताना एक उरतो. हा जास्तीचा माणूस विमानाबरोबर बुडालेला गोरा असणार असं ठरवून ते तो वाटा परत दर्यात टाकत होते. मी म्हटलं, उजाडल्या उजाडल्या घेतलीत की काय रे?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. एकेकाला नाव विचारून लिहिलं. नावं बावीस. दोरावर मोजली, तेवीस. तेविसावा कोण ते बोट दाखवून सांगता येईना... सगळे चेहरे ओळखीचेच होते. आणि तरी ऑफिसात येऊन मी टाईप केलं, की या बावीस जणांखेरीज रापणीत दुसरा कोणीही नव्हता.

अर्ज फेटाळला गेला. सरकारी माणसं आली, पंचनामा केला, पातं टेम्पोत चढवलं. बाबल टेम्पोमागून थोडं चालत गेला आणि थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनाची समजूत घातली, निदान तो गोरा तरी आता आपल्या वस्तूबरोबर घरी जाईल.

पुढच्या रापणीला मुद्दाम गेलो. एक वाटा उरलाच.

बाबल त्याच्याकडे बघत बसला होता. तेवढ्यात त्याची आई टोपली घेऊन आली. नवरा गेल्यापासून ही बाई किनाऱ्यावर फिरकली नव्हती. ती वाट्याजवळ बसली, एकेक बांगडा टोपलीत घालू लागली. म्हातारा तिला अडवायला गेला, हा विमानातल्या गोऱ्याचा म्हणाला. तिने मान वर केली.

"इतके दिवस तुमी माझ्या घोवाचो वाटो दर्यात टाकीत होतास?"

सगळे खाली बघायला लागले. मीसुद्धा.

तेव्हापासून तो वाटा ती नेते, रांधते, नवऱ्याचं पान मांडून त्यावर वाढते. तो गोरा होता की बाबलचा बापूस, की आम्हा सगळ्यांना एकदमच मोजता येईनासं झालंय, मला खरंच माहीत नाही. डोळे तपासून घेतले. काही दोष नाही.

परवा बाबल ऑफिसात आला. खुर्चीवर बसेना. म्हणाला, आये हल्ली कुंकू लावते, गावात लोक बोलतात. मग विचारलं, "तिका सांगू काय, बापूस मेलो म्हणान?"

सात वर्षं पत्ता नसलेला माणूस कायद्याने मेलेला धरता येतो, हे मला तोंडपाठ आहे. मी त्याला म्हटलं, "नको सांगू."