नारळ पडता, आडसर उतरता

पेडण्याच्या कचेरीसमोर टेबल मांडून अर्ज लिहिण्यास बसल्याला मला सव्वीस वर्षे झाली. या काळात समोरच्या खुर्चीत माणसे नाना तऱ्हांनी बसलेली मी पाहिली आहेत. जमिनीच्या वादातला माणूस कोसळतो, रेशनकार्डवाला नुसता टेकतो आणि निवृत्त शिक्षक बसण्यापूर्वी खुर्ची हलवून पाहतो. परंतु ज्याच्या बसण्याने त्या खुर्चीचा एकही सांधा कुरकुरला नाही, असा मनुष्य माझ्या कारकिर्दीत एकच झाला. मी मान खाली घालून एक वारसाचा अर्ज पुरा करीत होतो. वर पाहिले तर समोर पाडेली मास्तर बसलेले होते, आणि चौकशी करता ते अर्ध्या तासापासून बसलेले निघाले.

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा. मास्तर मूळचे चोपड्याचे आणि तीस वर्षे हाच त्यांचा धंदा. सुका नारळ ते वरून बेलाशक खाली टाकीत, परंतु आडसर, म्हणजे शहाळे, कधी टाकीत नसत. शहाळ्यांच्या घडाची पेंड दोरीला बांधून, दोरी झावळीच्या देठावरून फिरवून, मूल पाळण्यात ठेवावे तशी ती जमिनीवर ठेवीत. "नारळ पडता, आडसर उतरता," असे ते म्हणत, आणि नवा मनुष्य भेटला की त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारीत, "तू नारळ की आडसर?"

'मास्तर' ही पदवी त्यांना किनाऱ्यावर मिळाली. तिथे एक परदेशी बाई पतंगाची शाळा चालवीत. हा पतंग खोलीएवढा मोठा असतो. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवून, पायांखाली फळी बांधून, हातात दांडा धरून लोक समुद्रावर धावतात आणि मध्येच उडी घेऊन दोन-दोन माड वर जातात. एकदा नारळ काढून झाल्यावर मास्तरांनी झोपडीच्या छपरावरून वाळूत उडी टाकली, आणि बाईंनी पाहिले की वाळूत पाऊल जेमतेम उमटले आहे. दोन मोसमांत मास्तर पाण्यात उतरले. त्यानंतर वर कसे जायचे ते बाई शिकवीत, आणि खाली यायचे खाते मास्तरांकडे असे.

त्या दिवशी ते माझ्याकडे आले याचे कारण गंभीर होते. ज्या शिक्षकाकडे प्रमाणपत्र नाही त्याने पाण्यात पाय ठेवू नये, असे कचेरीकडून शाळेला कळविण्यात आले होते. मास्तरांकडे प्रमाणपत्र सोडाच, सहीसुद्धा नव्हती. ते अंगठा लावीत.

"परवानगी मिळाली नाही तर काय करशील?" मी विचारले. तेव्हा मी त्यांना अरेतुरे करीत असे, हे येथे नमूद करतो.

"परत माडार चडतलय. पण बाब, गुडघे आता आयकनत नाय. उतरूक तयार आसत, चडूक नाय."

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले, नववीत शाळेने माझ्यावर अन्याय केला. तथापि माझ्या अर्जांची ख्याती डिचोलीपर्यंत आहे, आणि ती मुख्यतः शेवटच्या परिच्छेदासाठी. 'अन्यथा अर्जदार कचेरीसमोर आमरण उपोषणास बसेल व होणाऱ्या परिणामांस सर्वस्वी आपण जबाबदार राहाल' हे वाक्य मी स्वतः घडविले आहे. ते मी मास्तरांना चढ्या आवाजात वाचून दाखविले.

"वर बरो गेलो," ते म्हणाले. "पण आपाटलो. ती शेवटची ओळ काडा. आणि हो धंदो काय असता तो एकदा येवन बघा."

हे दुसरे म्हणणे मला रास्त वाटले. ज्या विषयाची स्वतः खातरजमा केली नाही, त्यावर मी अर्ज लिहीत नाही. मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज तेवढा अपवाद.

रविवारी मी किनाऱ्यावर हजर झालो. मास्तरांनी प्रथम पतंग दाखविलाच नाही. एक होडी पालथी घातलेली होती, तिच्यावर मला चढवून ओल्या वाळूत उडी मारावयास सांगितले. शिकणाऱ्या प्रत्येकाला ते असेच करावयास लावीत आणि टाचेचा खड्डा बोटांनी मोजीत. दोन बोटे खड्डा आला तर माणूस पाण्यात जाण्यास लायक. माझ्या खड्ड्यात त्यांचा पंजा मनगटापर्यंत गेला.

"बाब, हंयसर माडाचो रोपो लावूक येतलो."

"वाळू भुसभुशीत आहे," मी निदर्शनास आणले.

"वाळू सगळ्यांक तीच. तुमी पडूच्या आदीच पाय घट करतात. जमनीचा भय धरल्यार जमीन मारता."

चार रविवार मी होडीवरून उड्या मारल्या. पाचव्या रविवारी तीन बोटे झाली, आणि माझे वय व हुद्दा विचारात घेऊन मास्तरांनी एक बोट माफ केले. पाण्यात नेण्यापूर्वी त्यांनी मला बजावले की वाऱ्याने उचलले तर भिऊन दांडा सोडायचा नाही. दांडा सोडला की पतंगातला जोर जातो आणि माणूस नारळ होतो. दांडा पोटाशी धरायचा, पाणी जवळ आले की पतंग पुढे वळवायचा, वारा चालला आहे तिकडे फळीचे तोंड करायचे, शेपूट आधी टेकवायचे आणि गुडघे सैल सोडायचे. मी हे सर्व मुद्देवार लिहून खिशात ठेवले. अकरा वाजता वाऱ्याचा एक झोत आला, मी वर गेलो, आणि वर गेल्यावर मला एकही मुद्दा आठवला नाही. मी दांडा सोडला. पाण्यावर पाठीने आपटल्याचा आवाज माझ्या अंदाजे मोरजीपर्यंत गेला असावा. खिशातले पेन फुटून सदरा निळा झाला.

"कसो होतो नारळ?" मास्तरांनी विचारले आणि मला बखोटीला धरून उभे केले.

आता एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. दुसऱ्या दिवशी मी अर्ज दाखल केला, आणि मास्तरांनी काढावयास सांगितलेली शेवटची ओळ त्यात तशीच ठेवली. ज्या वाक्याने माझे नाव झाले ते एका पाडेल्याच्या सांगण्यावरून काढायचे, हे मला पटले नाही. मास्तरांनी विश्वासाने अंगठा लावला.

सुनावणीच्या दिवशी दरवाजात एक हवालदार उभा होता. उपोषण कोठे होणार, अशी त्याने मलाच विचारणा केली. आत साहेबांनी अर्ज उचलून मास्तरांना विचारले, "आमरण उपोषणाला बसणारा तो तूच काय?"

"उपाशी? मी?" मास्तर म्हणाले. "सायबा, मी आताच दोन पाव नि पातळ भाजी खावन आयलय."

"मग ही धमकी कुणी लिहिली?"

मी दरवाजातच होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले नाही. माडाच्या शेंड्याकडे पाहावे तसे त्यांनी छताकडे पाहिले. "अंगठो माझो आसा," ते म्हणाले.

अर्ज फेटाळण्यात आला. बाहेर आल्यावर मी शिव्यांच्या अपेक्षेने उभा राहिलो. मास्तरांनी फक्त चप्पल पायात सरकवली. "अर्ज बरो गेल्लो वर, बाब," ते म्हणाले. "खाली येताना तुमी दांडो सोडलात." आणि ते पायी निघून गेले. त्या दिवसापासून मी त्यांना अहोजाहो करू लागलो, पण ते ऐकण्यास ते समोर नव्हते.

पुढच्या रविवारी ते काठावर बसलेले होते. पाण्यात पाय ठेवण्याची त्यांना मनाई होती, म्हणून मला पाण्यात बाईंनी नेले. पुन्हा झोत आला. या खेपेस मी दांडा पोटाशी धरला. खाली पाणी येत होते आणि मला ओरडावेसे वाटत होते, परंतु गुडघे मी सैल सोडले, आणि पाण्याने मला जागेवर ठेवून घेतले. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मी एक वीत वर गेलो होतो. माझा अंदाज एक पुरुषभर आहे. काठावरून आवाज आला, "आडसर!"

त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, डोके स्वच्छ असताना, मी नवा अर्ज लिहिला. तो एका पानाचा होता. शेवटी लिहिले: 'साहेबांनी सवडीने किनाऱ्यावर यावे, होडीवरून एक उडी मारावी व आपल्या टाचेचा खड्डा अर्जदाराकडून मोजून घ्यावा, ही विनंती.' अंगठा लावण्यापूर्वी मास्तरांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि दुसऱ्यांदा मी वाचताना माझ्या ओठांकडे रोखून पाहिले. एवढी शंका घेण्याचा त्यांना अधिकार होता.

साहेब आले. बूट काढून होडीवर चढले. पाच बोटे निघाली. मास्तरांनी ती सर्वांसमक्ष मोजून सांगितली, एकही माफ केले नाही. साहेबांनी खड्ड्याकडे पाहिले, मग मास्तरांकडे. "परत मारतो," म्हणाले. चौथ्या उडीला तीन बोटे झाली, आणि बाईंच्या जबाबदारीवर मास्तरांनी शिकवावे अशी परवानगी त्याच आठवड्यात मिळाली.

पुढे तीन मोसम ते पाण्यात होते. मग गुडघ्यांनी उतरण्यासही नकार दिला, तेव्हा लाटंबार्से गावी दिलेली त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली. पेडण्याच्या बसस्थानकावर मी पोचवायला गेलो होतो. "थंय समुद्र नाय. काजीची झाडां," ते खिडकीतून म्हणाले. "काजी आपसूक पडतत. कोणाक शिकवचा काय?"

गेल्या वर्षी ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. खुर्ची नेहमीसारखी कुरकुरली. चोपड्याच्या घराला वारस लावण्याचा अर्ज हवा होता.

"कसे गेले?" मी विचारले.

"कळलाच नाय," ती म्हणाली. "चाय घेतल्यानी, कप खाली ठेवल्यानी. कपाचो आवाजसुद्धा झालो नाय. आमका वाटला, निजलेत."

हल्ली माझ्या अर्जात उपोषण नसते. जुनी गिऱ्हाईके कुरकुर करतात. एकाने तर तोंडावर सांगितले, "भाऊ, तुमच्या अर्जाक आता मिरसांग नाय." मिरसांग म्हणजे मिरची. मी त्याला होडी दाखवीन म्हणालो.

तिचा अर्ज मात्र मी घाई न करता लिहिला. वारसांची नावे, घराचा क्रमांक, तारीख. शेवटच्या ओळीपाशी आलो तेव्हा लक्षात आले, की टेबलाखाली माझे गुडघे आपोआप सैल झाले आहेत.