नवव्या हिरवळीवर बसवलेली मेंढरे

भानुदासरावांची आणि माझी पहिली भेट इंदापूरच्या एसटी स्टँडवर झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुप्याजवळच्या माळावर एक कंपनी गोल्फचे मैदान करत होती आणि तिचे व्यवस्थापक भानुदासराव माळी शोधत होते. "सोपानराव, भाजीपाला झ्याक करता म्हणं तुमी. गवत कराल का?" मी मनात म्हटले, आम्ही गवत उपटायला माणसे लावतो, हा बाबा लावायला शोधतोय!

ते मूळचे वरकुट्याचे, धनगराघरचे; घरी पूर्वी मेंढरे. पुण्याच्या एका क्लबात कारकून म्हणून लागले आणि स्वतःच्या हिमतीवर व्यवस्थापक झाले. कुणाची चूक चारचौघांत काढायची नाही, हा त्यांचा नेम. माझ्या पत्नीच्या बाळंतपणात त्यांनी स्वतःची जीप दिली आणि आधी सांगितले नाही म्हणून वर मलाच रागावले.

पहिली स्पर्धा तीन दिवसांवर आली आणि नववी हिरवळ पिवळी पडू लागली. हिरवळ म्हणजे चेंडू शेवटी भोकात ढकलतात ती गुळगुळीत जागा. भानुदासराव मुंबईला गेलेले. मी शहाणपणा केला! खतासाठी शेतात मेंढरे बसवतात, तशी ओळखीच्या धनगराची मेंढरे रात्रभर तिथे बसवली. सकाळी पाहतो तर गवत साफ, जमिनीची खुरांनी चाळण. असल्याच एका चुकीपायी कंपनीने आधी एका माळ्याला घरी बसवले होते, आणि माझे लेकरू दोन महिन्यांचे होते.

दुपारी भानुदासराव आले. लेंड्या पाहूनच ते समजले, मला काही सांगावे लागले नाही.

"मेंढरं बसवली व्हय? अहो, खाली वाळू भरलीया. रान न्हाय हे! कुणाला बोललाय का?"

"न्हाय, साहेब."

"मग बोलू बी नका. कापायचं मशीन आणा."

अलीकडच्या गवतात आम्ही तात्पुरती हिरवळ कापून काढली. स्पर्धेच्या सकाळी कंपनीचे अध्यक्ष उखडलेल्या नवव्या हिरवळीपाशी थबकले. "हे कोणी केलं?" मी दहा पावलांवर पाण्याची नळी धरून उभा होतो.

"मेंढ्या मीच बसवायला सांगितल्या," भानुदासराव म्हणाले.

अध्यक्ष ओरडले नाहीत. "दिल्लीच्या जागेचं मग नंतर बघू," एवढेच बोलले. दिल्लीला तीन मैदानांचा कारभार भानुदासरावांकडे जायचा होता. मी एक पाऊल पुढे टाकले. भानुदासरावांनी नुसते पाहिले आणि मी थांबलो. खरे सांगतो, मला थांबायचेच होते.

ती जागा त्यांना पाच वर्षांनी मिळाली. पुढे ते देशभरच्या मैदानांचे मुख्य अधिकारी झाले, पण त्या मेंढरांवरून मला एका शब्दाने कधी बोलले नाहीत. प्रत्येक सत्कारात कुणीतरी "धनगराच्या पोराने हिरवळीवर मेंढ्या बसवल्या" म्हणून हशा पिकवतो. तेही हसतात. मी मान खाली घालून टाळ्या वाजवतो.

भानुदासराव, रागवा हवे तर, पण तुमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात तरी खरे छापून येऊ द्या: ती मेंढरे मी बसवली होती. तुमची तब्येत अशीच ठणठणीत राहो, शंभरी पार करा. आणि यापुढे कुणी हसलेच, तर माझे नाव सांगा.