पुठ्ठ्याचा गळ

व्हिडिओ गेममध्ये मासे पकडायला रिमोटला जोडायचे पुठ्ठ्याचे गळ मी दुकानात मागवले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पुठ्ठा रद्दीवाल्याशिवाय कोण घेणार?" मुलांना काय आवडेल, याचे माझे अंदाज खेळण्यांच्या धंद्यात हयात घालवूनही चुकतात. मोठ्यांच्या नजरेनं बघतो ना मी!

आज एक चिमुरडी आईबरोबर आली. दुकानातल्या टीव्हीसमोर तिनं गळ टाकला, हलकेच ओढला. पडद्यावर मासा उसळला, तशी तिनं तो झेलायला फ्रॉकचा घोळ पुढे पसरला. आई हसली. बायको मात्र हसली नाही. लादी पुसायची बादली तिनं पुढे सरकवली आणि म्हणाली, "यात टाक गं, तडफडतोय तो."

मला हायसं वाटलं.