भाषणानंतरचं गाणं

२०१६च्या हिवाळ्यात टौरंगाजवळच्या एका माओरी कुळाने आपल्या ट्रस्टच्या अध्यक्षांना मतदान करून पदावरून काढलं. ते आमचे शेजारी होते. जवळच्या ठिकाणी जायला इतका लांबचा रस्ता घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नदीवरचा पूल सरकारने त्यांच्या कुळाकडून बळकावलेल्या जमिनीवर बांधला होता. म्हणून पलीकडच्या काठावरून फिश अँड चिप्स आणायला ते अर्ध्या तासाचा वळसा घालत, आणि घरी येईतो खाणं गार झालं की दोष सरकारला देत. त्यांच्या थोरल्या बहिणीने एकदा आमच्यासमोरच विषय काढला. "माझ्या ऑपरेशनला पुलावरूनच नेलंस की." ते म्हणाले, "डोळे मिटून घेतले होते मी." ती म्हणाली, "गाडी तू चालवत होतास."

बोलण्यातही तोच वळसा. कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा असं विचारलं, तर पूर्वज ज्या होडीतून या किनाऱ्याला आले तिच्यापासून ते सुरुवात करत, मग सरकारचं सैन्य, मग जमिनीची जप्ती, आणि डब्यापर्यंत पोचेतो कचऱ्याची गाडी निघून गेलेली असे. मराएवर, म्हणजे कुळाच्या सभास्थानी, भाषण संपलं की वक्त्याच्या माणसांनी उठून गाणं म्हणायचं असतं. त्याशिवाय भाषण पुरं होत नाही. वक्ता फारच लांबला तर बायका मध्येच गाणं सुरू करतात आणि त्याला थांबावं लागतं. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत हे काम बहिणीकडे होतं. पुण्याहून आलेली माझी आई ते पाहून म्हणाली, "हिला आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ने रे एकदा."

मतभेद मात्र खरा होता. सरकार भरपाईचा करार करायला तयार होतं, पण नदीचं मुख सोडून. तिथे कुळाचे पूर्वज पुरलेले आहेत. शेजारी सही करेनात. बहीण म्हणाली, "मी मेल्यावर मिळणाऱ्या नदीत मी पोहणार आहे का?" ट्रस्टच्या निवडणुकीला शेजाऱ्यांविरुद्ध तिचाच मुलगा उभा राहिला, वेलिंग्टनमधला वकील. "मामा, अजून एक पिढी थांबायचं?" त्याने विचारलं. "आम्ही थांबलो म्हणून तुला मागायला काही उरलं," ते म्हणाले. मतं टपालाने आली, बरीचशी ऑकलंडहून आणि ब्रिस्बेनहून. तिकडे स्थायिक झालेल्या कुळाच्या माणसांपैकी अनेकांनी ती नदी पाहिलेली नव्हती.

निकालानंतर मराएवर शेजारी बोलायला उभे राहिले. होडी झाली, सैन्य झालं, जप्ती झाली. अधूनमधून ते बहिणीकडे बघत होते. तिने थांबवलं नाही. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. ते उभेच राहिले. गाण्यासाठी कोणी उठलं नाही. भाच्याने पुढचा विषय घेतला.

पुढच्या वर्षी करारावर सही झाली. नदीचं मुख त्यात नव्हतं. ते समारंभाला आले, वळशाच्या रस्त्याने, उशिरा, आणि वक्त्यांच्या बाकावर बसले. त्यांची पाळी आली तेव्हा उठले नाहीत. बहीण उठली. ज्या गाण्याने ती त्यांना नेहमी थांबवायची, तेच तिने म्हटलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते एक शब्दही बोलले नव्हते.