पाहुण्यांच्या निरोपाचा कार्यक्रम

एखादा कार्यक्रम नीट पार पडला, तर त्याची पुढे कुणी आठवण काढत नाही. बिघडला, की त्याचा किस्सा होतो. आमचा कार्यक्रम दरवर्षी बिघडत आला. त्यामुळे किस्से इतके साचलेत, की माझ्या मेडिकलमध्ये तापाची गोळी घ्यायला आलेला माणूससुद्धा काउंटरवर कोपर टेकवून विचारतो, "शेंडेभाऊ, यंदा काय झालं?" मी सांगतो. तो हसतो, मीही हसतो. तो गेल्यावर मात्र मी उगाच गोळ्यांच्या पट्ट्या मोजत बसतो.

चिमूरच्या पुढे, जंगलाला अगदी लागून आमचं गाव. गावामागे मोठा जुना तलाव. थंडीत तिथं हिमालयापलीकडून हंस येतात. करडे, डोक्यावर दोन काळे पट्टे. गावातले लोक त्यांना नुसतं बदकं म्हणतात. पळस फुलला, ऊन तापायला लागलं, की ते परत उत्तरेला निघून जातात.

गेडाम सर शाळेतून रिटायर झाले, त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं. म्हणाले, "घरी पाहुणा आला तर आपण त्याले बसस्टँडपर्यंत सोडाले जातो. हे तर हिमालय ओलांडून येतात. याइले कोणी निरोप देत नाई."

म्हणून कार्यक्रम सुरू झाला. नाव ठेवलं 'पाहुणे आणि घरचे'. पाहुणे म्हणजे हंस, आणि घरचे म्हणजे आपले वाघ, अस्वल, नीलगाय, मोर. करणारे आम्ही चौघं. सर, सरकारी दवाखान्यातल्या नर्स रामटेके बाई, बसस्टँडवर चहाचं हॉटेल चालवणारे पुंडलिकभाऊ, आणि मी.

०

पहिल्या वर्षी पुंडलिकभाऊंनी स्वतःचा साउंड लावला. गणपतीत आणि लग्नात वाजतो तोच. सकाळी उजाडता उजाडता त्यांनी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, दोन मोठे बॉक्स ठेवले आणि माइकमध्ये "हॅलो, हॅलो, चेक" म्हणाले.

सगळा थवा एकदम उठला. तलावावर एक मोठी फेरी मारली, आणि उत्तरेकडे गेला तो गेलाच. मागे पाणी हलत राहिलं.

प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी यायचे होते. ते उन्हं वर आल्यावर आले. त्यांना काय सांगावं, ते कुणालाच सुचेना. सरांनी गुपचूप आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती डोळ्यांना लावली, रिकाम्या तलावाकडे बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "वा. किती शांत पक्षी आहेत."

मग भाषण झालं. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा सर माझ्या कानाशी म्हणाले, "निरोप तर दिला आपण, शेंडे. थोडा जोरात दिला."

०

पुढच्या वर्षी साउंड बंद. रामटेके बाईंनी चित्रकला स्पर्धा सुचवली. विषय, 'माझ्या परिसरातला वाघ'. आसपासच्या शाळांमधली पोरं आली, आणि परीक्षक म्हणून चंद्रपूरहून एक चित्रकार बोलावले.

चित्रं छान होती. एका चित्रात वाघ कापसाच्या शेतात उभा. एकात हँडपंपाजवळ. एकात शाळेच्या संडासामागे, फक्त शेपूट दिसतंय. एका मुलीनं वाघ मोठ्या रस्त्यावर काढला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सफारीच्या लाल जिप्सी. जिप्सीत बसलेल्या सगळ्या माणसांच्या तोंडासमोर मोबाइल. एकाही माणसाला चेहरा नव्हता.

परीक्षकांनी चित्रं मांडून ठेवली आणि जरा नाराज झाले. म्हणाले, "वाघ चांगले जमलेत. बॅकग्राउंड मात्र सगळ्यांचं चुकलं. जंगल कुणीच काढलं नाही."

रामटेके बाई म्हणाल्या, "साहेब, त्याइले जे दिसते ते काढलं त्याइनं."

पहिलं बक्षीस परीक्षकांनी बाहेरगावच्या एका मुलाला दिलं. तो सुट्टीत मामाकडे आला होता, नागपूरहून. त्याच्या चित्रात डोंगर होता, धबधबा होता, आणि वाघ पाणी पीत होता.

०

मग तिकडे गडचिरोलीत हत्ती आले. आमच्या जिल्ह्यांत आमच्या बापजाद्यांनीसुद्धा रानटी हत्ती पाहिलेला नव्हता. ते छत्तीसगडातून आले आणि परत जाईनात. सरांची सासुरवाडी धानोऱ्याकडे, जंगलातल्या एका खेड्यात. सर म्हणाले, यंदा कार्यक्रम तिकडे घेऊ. लोक घाबरलेत, त्यांना समजावून सांगू.

पुंडलिकभाऊंच्या मेव्हण्याची गाडी घेतली. सरांनी मोठ्या मेहनतीनं पोस्टर केले होते. हत्तीचा कळप कसा चालतो, म्हातारी हत्तीण पुढे कशी असते, पिलाला मधे कसं ठेवतात. वर ठळक अक्षरांत, 'हत्ती आपला मित्र'.

गोटुलासमोर, गावाच्या सामाईक घरासमोर, सगळे जमले. सर अर्धं मराठीत बोलले, अर्धं गोंडीत. लोक शांतपणे ऐकत होते. एवढे शांत, की मला वाटलं, या वर्षी तरी जमलं.

बोलून झाल्यावर सरांची मावससासू उठली. फार म्हातारी बाई. ती आम्हा चौघांना हाताला धरून गोटुलामागे घेऊन गेली. तिथं तिचं घर होतं. म्हणजे, तीन भिंती होत्या. चौथी आत पडली होती, आणि धानाची कोठी फुटून सगळं धान मातीत मिसळलं होतं. सुनेनं सूप घेऊन ते पाखडायला घेतलं होतं. मातीतून धान वेगळं होत नव्हतं, तरी ती पाखडतच होती.

म्हातारी सरांना म्हणाली, "जावईबापू, गणपती आहे तो, त्याले आम्ही हात जोडले. तुमचा मित्र आहे म्हनता, तर मंग तुमी घेऊन जा त्याले घरी."

सरांनी पोस्टरची गुंडाळी केली आणि पाहुणचाराचं जेवण न घेता, सुनेच्या शेजारी बसून सूप हातात घेतलं. मग आम्हीही बसलो. दुपार होईपर्यंत धान पाखडलं. परतीच्या वाटेवर आरमोरीला चहासाठी थांबलो तेव्हा सर एवढंच म्हणाले, "पोस्टरवर दुसरं काय लिहाचं होतं, तेच सुचून नाई राह्यलं."

०

पुंडलिकभाऊंचा किस्सा सगळ्यात जास्त मागितला जातो. हसवणारा आहे म्हणून.

त्या वर्षी आम्ही प्रभातफेरी काढली. पुढे लेझीम, मागे घोषणा, आणि मधे वाघाच्या पोशाखात पुंडलिकभाऊ. पोशाख नागपूरहून भाड्यानं आणलेला. दिसायला अगदी खरा, पण आत जीव उकडून निघायचा. शेजारच्या गावात फेरी शिरली तेव्हा त्यांना तहान लागली. कुणाला न सांगता ते एका बोळीत वळले आणि एका घरामागच्या रांजणावर वाकले.

मागच्या दारातून एक बाई बाहेर आली. ओरडली नाही. ती आत गेली आणि नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या हातात काठी होती. पाठोपाठ शेजारचे आले.

पुंडलिकभाऊंनी घाईघाईनं मुंडकं काढलं. "अरे, मी पुंडलिक आहो, चहावाला," म्हणाले. तरी आणखी दोन-चार काठ्या पडल्याच.

आम्ही पोचलो तोवर ते भिंतीला टेकून बसले होते. अंग वाघाचं आणि डोकं स्वतःचं. हात मोडला होता. रामटेके बाईंनी ओढणी फाडून झोळी बांधली. मी त्या माणसाला म्हणालो, "अरे, चेहरा दिसल्यावर तरी थांबायचं."

तो म्हणाला, "दिसला जी मले. हात थांबून नाई राह्यले."

इथं लोक हसतात. बरेचदा मी इथंच थांबतो. पुढचं असं, की त्याच बोळीतून, त्याच रांजणापासून, काही दिवसांपूर्वी बिबट्यानं त्याचा लहान मुलगा नेला होता. तो चेहरा दिसूनही का थांबला नाही, ते मग आम्हाला कळलं. पुंडलिकभाऊंनी पोलिसात तक्रार दिली नाही. हात गळ्यात बांधून ते दुसऱ्या दिवशी परत त्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तो माणूस आता बाजारच्या दिवशी त्यांच्या हॉटेलात येतो, कोपऱ्यात बसतो, चहा पितो.

०

एवढं होऊनही कार्यक्रमाचं नाव झालं. पेपरात फोटो येऊ लागले. पहिल्या वर्षी रिकामा तलाव बघून खूश झालेले साहेब परत आले. आता त्यांची खुर्ची मोठी झाली होती. स्टेजवरून म्हणाले, "गेडाम सरांच्या या तलावासाठी मी काय करू, ते बोला."

सर साधे. म्हणाले, "काही करू नका साहेब, तेवढं पुरे."

सगळे हसले. साहेबही हसले. त्यांना तो विनय वाटला.

पावसाळा सरल्यावर मशीन आली. तलावाचं पाणी सोडून दिलं. मातीच्या पाळीला सिमेंट लागलं, काठचा गाळ आणि गवत काढून फरशी बसवली, रंगीत दिवे लागले. सर रोज सकाळी तिथं जाऊन उभे राहायचे. रामटेके बाईंनी आणि मी ऑफिसांमध्ये चकरा मारल्या. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "हे तर तुमच्याच कार्यक्रमामुळं मंजूर झालं. तुमचं अभिनंदन."

त्या थंडीत हंस आले. मी स्वतः पाहिले. थवा खाली उतरत आला, तलावावर फिरला, पुन्हा फिरला, आणि न टेकता निघून गेला. चरायला गवत नव्हतं, बसायला चिखल नव्हता.

उद्घाटनाला मधोमध एक सिमेंटचा हंस बसवला. पांढराशुभ्र, लाल चोच, गळ्यात लायटिंगची माळ. साहेबांनी फीत कापली आणि म्हणाले, "आता हा कुठंच जाणार नाही."

सर त्या दिवशी घरीच होते. मी पेढा घेऊन गेलो तर त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि खिडकीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी कुस्करून ठेवला. मला म्हणाले, "शेंडे, आपण नसतो तर तलाव राह्यला असता."



०

तरी गेल्या वसंतात आम्ही कार्यक्रम ठेवला. का ठेवला, ते विचारू नका. पाहुणे नाहीत तर निदान घरच्यांचा करू, असं रामटेके बाई म्हणाल्या. शाळेच्या मैदानावर मंडप टाकला. पोरं मोराची पिसं लावून तयार होती.

सकाळी पोह्याची कढई चुलीवर होती, तेवढ्यात बाईंचा दवाखान्यातून फोन आला. "शेंडेभाऊ, मंडप काढाले सांगा." जवळच्या छोट्या वस्तीतली, टोल्यातली शेवंता, पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती. वाघानं तिला झाडाखालीच धरलं. वाकून वेचत होती, तिला दिसलंही नसेल.

मंडप काढला. पोरांनी पिसं काढून दप्तरात ठेवली.

दोन-तीन दिवसांनी सर म्हणाले, "भेटून यावं लागते." तिचा नवरा देवाजी त्यांचा विद्यार्थी. काय तोंडानं जायचं, असं मी म्हणालो. सर म्हणाले, "हेच तोंड आहे आपल्याकडे." आम्ही चौघंही गेलो.

दाराला कडी होती. अंगणात चटईवर मोहफुलं वाळत घातलेली, अर्धी सुकलेली. शेवंतानंच आधी वेचून आणलेली असणार. शेजारीण म्हणाली, "देवाजी मोहा वेचाले गेला. पोरीले घेऊन गेला."

"कुठी?" सरांनी विचारलं.

"तिथीच. त्याइच्या वाट्याचं झाड तेच आहे जी."

वनखात्याची माणसं गावात येऊन सांगून गेली होती, जंगलात कुणी पाय ठेवायचा नाही. आम्ही कडुनिंबाखाली बसून राहिलो. पुंडलिकभाऊ उठून वाटेकडे बघायचे, परत येऊन बसायचे. रामटेके बाईंनी पदर तोंडाला लावला होता.

मग दोघं येताना दिसले. पुढे देवाजी, मागे दहावीतली पोरगी, दोघांच्या डोक्यावर टोपलं. आम्हाला बघून त्यानं मान हलवली. पोरीनं आतून पाणी आणून दिलं. मग बापलेक चटईजवळ बसले, टोपली पालथी केली, आणि ओल्या फुलांतून पानं-काड्या निवडायला लागले. सगळ्या अंगणात तो गोड, जड वास पसरला.

सरांना राहवलं नाही. म्हणाले, "देवाजी, त्याच झाडाखाली काऊन गेला बावा?"

देवाजीनं वर बघितलं नाही. फुलं पसरवत पसरवतच म्हणाला, "झाडाले काय मालूम, सर. ते फुलं टाकूनच राह्यलं."