फळ्यावर नसलेलं नाव

माण तालुक्यातल्या त्या हायस्कुलात मी नोकरीला लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वाईसारख्या नदीकाठच्या गावात वाढलेला माणूस, आणि नोकरी मिळाली ती पाण्याचा टिपूस नसलेल्या मुलखात. म्हसवडकडे जाणाऱ्या सडकेला लागून शाळेची कौलारू इमारत होती. आजूबाजूच्या गावांतून मुलं यायची. जवळची चालत यायची, लांबची शाळेच्या बोर्डिंगात राहायची.

शाळेच्या फाटकाशी दोन बाभळीच्या खांबांवर एक मोठा काळा फळा उभा केलेला होता. ती आमच्या हेडमास्तरांची कल्पना. रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते स्वतः त्यावर मुलखाच्या बातम्या लिहीत. लढाई कुठवर आली, रॉकेल कधी मिळणार, देवीची लस टोचायला माणूस कोणत्या गावी येणार, कोणाचा मुलगा पलटणीतून रजेवर आला. त्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे सडकेने जाणारा प्रत्येक जण तिथे थांबायचा. ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. फळ्याच्या तळाशी एक रेघ ओढून त्याखाली ‘आज गैरहजर’ असं लिहिलेलं असे, आणि पुढे मुलांची नावं. बोर्डिंगातल्या मुलांचे आईबाप आठवड्याच्या बाजाराला येत, तेव्हा आपलं पोर शाळेत बसतं की कुठे उंडारतं हे त्यांना कळावं म्हणून. प्रत्येक वर्गाच्या मास्तराने हजेरी घेऊन ती नावं हेडमास्तरांना द्यायची. इंग्रजी सहावीची हजेरी माझ्याकडे होती.

त्या वर्गात एका हवालदाराचा मुलगा होता. उंच, सडपातळ, गणितात चांगला, बोलायला कमी. बाप मलायात लढायला गेलेला. सिंगापूर पडलं त्यानंतर त्याचं पत्र नाही की सरकारी कागद नाही. जिवंत आहे, कैदेत आहे की गेला, काहीच कळायला मार्ग नव्हता. वर्ष उलटून गेलं होतं. मुलगा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी फळ्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि हेडमास्तरांच्या हातातला खडू पुढे काय लिहितो ते पाहायचा. मलायाचं नाव आलं नाही की मुकाट्याने वर्गात येऊन बसायचा.

एका मंगळवारी शाळा सुटल्यावर तो माझ्या खोलीवर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, साताऱ्याला फौजी कचेरी आहे, तिथे कैद्यांच्या याद्या आल्यात असं रजेवर आलेल्या एका शिपायाने सांगितलं. दोन दिवस जाऊन चौकशी करून येतो.

“आईला सांगितलंस का?” मी विचारलं.

“न्हाई. ती जाऊ द्यायची न्हाई. आन यादीत नाव नसलं, तर मी तिला काय सांगू?” मग जरा थांबून म्हणाला, “मास्तर, फळ्यावर माझं नाव लावू नका. तिच्या कानावर गेलं तर ती जेवायची न्हाई.”

मी हो म्हटलं. मला त्याची दया आली होती, आणि खरं सांगायचं तर त्याने हे गुपित माझ्याकडे आणलं याचं बरंही वाटलं होतं. मी नवा मास्तर, मुलांचा विश्वास बसतोय असं वाटलं. मोटारभाड्याचं विचारलं तर आहे म्हणाला. बोर्डिंगात ‘घरी जातो’ असं सांगून बुधवारी पहाटे कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने तो गेला, आणि मी हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे ‘ह’ लिहिला.

गुरुवारी परत यायला हवा होता, आला नाही. शुक्रवार बाजाराचा. सकाळी हजेरी घेताना त्याच्या नावाशी माझा टाक अडला. आदल्या दोन दिवशी हजर आणि आज गैरहजर लावला, तर हेडमास्तर वर्गात विचारणार आणि मुलं सांगणार की तो बुधवारपासूनच नाही. संध्याकाळच्या मोटारीने येईलच, असं मनाशी म्हणून मी पुन्हा ‘ह’ लिहिला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, पण मास्तरासमोर बोलायची कोणाची छाती नव्हती.

मधल्या सुट्टीत त्याची आई आली. दर शुक्रवारी ती दीड कोस चालत बाजाराला यायची आणि आठवड्याच्या भाकरी बोर्डिंगात देऊन जायची. बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेलं गठुडं. मी फाटकाशीच होतो. तिने फळ्याकडे बोट करून विचारलं, “मास्तर, माझ्या पोराचं नाव न्हाई न्हवं खाली?”

“नाही,” मी म्हटलं. तेवढं तरी खरंच होतं.

“मग बरं हाय. कुठं दिसंना त्यो, म्हून इचारलं.”

तेव्हा मी दुसरं खोटं बोललो. त्याला शाळेच्या कामाने शेजारच्या गावी पाठवलंय, उशिरा येईल, असं सांगितलं. मास्तराने पोराला कामाला पाठवलं याचा तिला अभिमान वाटला असावा. तिने गठुडं माझ्याच हातात दिलं, त्याला खोकला झाला होता तो गेला का ते विचारलं आणि गावाकडे परतणारी बैलगाडी गाठायला लगबगीने निघून गेली.

शनिवारीही तो आला नाही. सोमवारी आला नाही, मंगळवारी नाही. मी रोज ‘ह’ लिहीत राहिलो. आता एकदा खरं लिहायचं तर मागचं सगळंच उघडं पडणार होतं. वर्गात त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहायचं टाळायला मी फळ्याकडे तोंड करून शिकवू लागलो.

पुढच्या गुरुवारी माझ्या नावाने एक कार्ड आलं. अक्षर त्याचंच, सरळ, टपोरं. यादीत वडिलांचं नाव नव्हतं. कचेरीतल्या माणसाने सांगितलं होतं की पलटणीतल्या माणसाला पलटणीच्या बातम्या लवकर कळतात. शेजारीच भरती चालू होती. त्याने वय अठरा सांगितलं आणि भरती झाला. त्याला सतरावंही पुरं नव्हतं. सोमवारपर्यंत साताऱ्यातच ठेवलं, मग रेल्वेत बसवलं, आता कुठे नेताहेत ठाऊक नाही. शेवटी लिहिलं होतं, आईला तुम्हीच सांगा, मास्तर.

मी ते कार्ड घेऊन शाळेच्या ओसरीवर किती वेळ उभा होतो कोण जाणे. शुक्रवारी ती फाटकाशी उभी होती तेव्हा तो साताऱ्यातच होता. तिला कळलं असतं तर ती त्याच पावली निघाली असती. शाळेतला जन्मतारखेचा दाखला आणि आई समोर उभी, एवढं भरतीच्या साहेबाला पुरलं असतं. तसं पोर परत आणल्याची उदाहरणं आमच्याच भागात होती.

मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी हजेरीपुस्तक मागवलं, ती ओळ बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. मला वाटलं होतं ते मला काढून टाकतील. त्यांनी मला बसा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. तिथेच बसून त्यांनी फौजेच्या साहेबाला पत्र लिहिलं, सोबत जन्मतारखेचा दाखला जोडला, आणि ते रजिस्टर करायला मलाच पोस्टात पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः प्रत्येक वर्गात येऊन मुलं मोजू लागले. माझ्या वर्गात आले की माझ्याकडे पाहत नसत.

शुक्रवारी आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. पोरगं साताऱ्याला जाऊन भरती झालं, साहेबाला कळवलंय, परत पाठवतील, एवढंच मी सांगितलं. मला आधी ठाऊक होतं हे सांगितलं नाही. आधीच्या शुक्रवारी तो कुठे होता हे तिने विचारलंच नाही. ती सडकेच्या कडेला खाली बसली आणि भाकरीचं गठुडं मांडीवर ठेवून म्हणाली, “आता ह्या कुणाला घालू?”

साहेबाचं उत्तर यायला दोन महिने लागले. भरतीच्या वेळी डॉक्टरने तपासून वय ग्राह्य धरलं आहे, शिपाई स्वखुशीने आला आहे, असा मजकूर होता. तोवर त्याला आसामात रस्ते करणाऱ्या तुकडीबरोबर धाडलं होतं. त्याची आईला तीन पत्रं आली. दर वेळी ती शाळेत घेऊन यायची आणि माझ्याकडूनच वाचून घ्यायची. वडिलांची काही बातमी लागत नाही, इकडे पाऊस थांबत नाही, असं त्यात असे. चौथं पाकीट सरकारी होतं. हिवतापाने लष्करी दवाखान्यात मरण पावला.

हेडमास्तरांनी ती बातमी स्वतः फळ्यावर लिहिली. लिहून झाल्यावर खडू हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. त्या दिवशी शाळा सोडून दिली. हेडमास्तर आणि मी मुलाच्या गावी गेलो. त्याच्या आईने आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, गुळाचा चहा दिला. शेजारणींना ती माझ्याविषयी सांगत होती, ह्या मास्तरांचा लय जीव हुता त्याच्यावर. हेडमास्तर जमिनीकडे पाहत राहिले.

लढाई संपली आणि त्या हिवाळ्यात हवालदार परत आला. साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत होता. ज्याच्यासाठी कोणी सुतक धरलं नव्हतं आणि गोडधोडही केलं नव्हतं, तो माणूस सडकेवर मोटारीतून उतरला तेव्हा त्याच्या चुलत भावानेही त्याला ओळखलं नाही. गालफडं बसलेली, पायावर जखमांचे काळे डाग. पोराचं त्याला घरी गेल्यावर कळलं.

महिन्याभराने तो शाळेत आला. धुतलेला खाकी सदरा, डोक्याला फेटा. म्हणाला, पोराचं कायच बघायला मिळालं न्हाई, त्याचं नाव कुठं लिवलेलं आसंल तर दाखवा. मी कपाटातून सहावीचं हजेरीपुस्तक काढलं. दुसरं काहीतरी दाखवता आलं असतं, परीक्षेची वही दाखवता आली असती. का कोण जाणे, माझा हात त्याच पुस्तकाकडे गेला.

त्याला मराठी चौथीपर्यंत वाचता येत होतं. त्याने मुलाच्या नावावर बोट ठेवलं आणि महिन्यामागून महिना पुढे सरकत गेला. मग खिशातून घडी घातलेला सरकारी कागद काढला, त्यावरची भरतीची तारीख पाहिली, पुन्हा पुस्तकात पाहिलं. असं दोनदा केलं.

“ह्या दिशी त्यो साताऱ्याला हुता,” तो म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. पोरगं खोलीवर आलं होतं तेव्हापासून शुक्रवारच्या गठुड्यापर्यंत. तो मान खाली घालून ऐकत होता. बाहेर मुलं कवायत करत होती.

“कैदेत सांजच्याला गिनती हुयाची,” तो शेवटी म्हणाला. “एक माणूस कमी भरला तर समद्यांना उभं करायची रातभर. आमी शिव्या द्यायचो. पर मेल्यालं माणूस बी मोजल्याबिगर सोडत नव्हती.”

मी हात जोडले. त्याने माझे हात खाली केले. रागावला असता तर बरं झालं असतं. उठताना एवढंच म्हणाला, “तिला सांगू नका. तिला वाटतंय पोरगं तुमच्या नजरंखाली हुतं. तेवढं ऱ्हाऊ द्या.”

मी ते राहू दिलं. पुढच्या वर्षी मला सांगलीकडच्या एका शाळेत जागा मिळाली आणि मी माण सोडलं. हवालदार शेती बघत होता, पण त्याची तब्येत कैदेतच गेली होती. दोन वर्षांनी तो वारल्याचं कार्ड मला आलं. त्याच्या बायकोने कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, मास्तरांना कळवा म्हणून.

मी समाचाराला गेलो. जाताना मोटारीत ठरवलं की आता सांगायचं. ज्याने शब्द घेतला होता तो गेला, आता मला अडवणारं कोणी नाही, असं मी मनाला पटवलं होतं. दुपारी घरातली माणसं पांगल्यावर मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. फळ्यावर नाव का नव्हतं, त्या शुक्रवारी पोरगं कुठे होतं, सगळं.

तिने डोळ्याला पदर लावला नाही. जात्याच्या पाळीवर हात ठेवून बसली होती, तशीच बसून राहिली. मग विचारलं, “ह्यास्नी ठावं हुतं?”

मी हो म्हटलं.

“कवापासनं?”

“कैदेतून आल्यावर महिन्याभराने शाळेत आले होते, तेव्हापासून.”

“म्हंजी तीन वरसं,” ती म्हणाली. “एका ताटात जेवलो आमी. पोराचा इषय निघाला की बाहीर निघून जायाचं. मला वाटायचं, ह्यास्नी पोराची माया ऱ्हायली न्हाई. मरताना बी मी त्यास्नी तेच बोलले.”

मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. माणमध्ये असताना मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो, तेव्हा ती जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. त्या दिवशी थांबा म्हणाली नाही. सडकेपर्यंत दीड कोस ऊन होतं. सांगलीच्या बाजूची मोटार यायला अवकाश होता, म्हणून मी शाळेच्या भिंतीच्या सावलीला बसून राहिलो.