कुजबुजणारं घर

मुलगा रात्रपाळी करून येतो आणि दुपारभर झोपतो, तेव्हा बायको मला चहासुद्धा खुणेनंच विचारते. काल तशी खूण झाली आणि भांडुपच्या चाळीतला आमचा पोपट मिठू आठवला.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. बाबा गिरणीत रात्रपाळीला असत, म्हणून दिवसा घरात सगळे कुजबुजत. पिल्लू असल्यापासून आमच्यात वाढलेला मिठूही दुपारी गप्प असायचा. टी.वाय.च्या अभ्यासाला मी पार्ल्याला मावशीकडे राहायला गेलो, तेव्हा त्यालाही नेला. घरातला पहिला पदवीधर मी, हे सांगायला आजही आवडतं. मावशीकडे दिवसभर रेडिओ आणि गप्पा.

परीक्षा देऊन परतलो आणि पहिल्याच दुपारी मिठू किंचाळायला लागला. पेरू दिला तर फेकला. आईनं पिंजऱ्यावर लुगडं टाकलं, तर आणखीच.

"ह्येका झाला तरी काय?" आई कुजबुजली.

"मला काय माहीत!" मी मोठ्यानं म्हणालो. आई माझ्याकडेच बघत राहिली.

बाबा उठले. वाटलं, आता मिठूला कुणाला तरी देऊन टाकणार. त्यांनी लुगडं काढलं.

"सगळे कुजबुजतत, तेका वाटला आसतला, घरात कोणतरी मेला," असं म्हणून ते खणखणीत आवाजात त्याला विचारू लागले, "काय रे मिठू, पास होशील मा?"

मिठू गप्प. बाबा थांबले की पुन्हा सुरू. त्या रात्री ते अर्धवट झोपेवरच पाळीला गेले.

मिठूला गोंगाटाची सवय लागली होती, की आमच्या शांततेची भीती वाटत होती? अजून कळलेलं नाही. काल मुलाच्या बंद दाराकडे बघत मी कप बशीत जपून ठेवला.